आईच्या हातात मेनूकार्ड नको : पंच्याहत्तरीचं जेवण हॉटेलात कसं आखावं

मेनूकार्डाला दोन बाजू असतात. डावीकडे पदार्थ, उजवीकडे आकडे. आमची आई फक्त उजवी बाजू वाचते.

तीन वर्षांपूर्वी बाबांची पंच्याहत्तरी आम्ही मुंबईतल्या एका नावाजलेल्या मासळीच्या हॉटेलात केली. सोळा माणसं, शनिवारची रात्र, साडेआठची वेळ. म्हणजे करता येतील तेवढ्या चुका एकदमच केल्या. पाऊण तास फुटपाथवर ताटकळल्यावर दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत टेबलं मिळाली, सोळा जणांच्या हातात मेनूकार्डं पडली आणि आईने चष्मा लावला. पापलेटासमोर आकडाच नव्हता, ‘ॲज पर साईझ’ एवढंच होतं. आईने कार्ड मिटलं. “मला फारशी भूक नाहीये रे. सोलकढी-भात पुरे.” बाबा लगेच म्हणाले, “मी तिच्यातलंच घेईन थोडं.” ज्यांच्यासाठी सगळा घाट घातला ती दोघं सोलकढी-भात जेवली आणि नातवाने शेझवान राईस मागवला.

यंदा आईची पंच्याहत्तरी होती. या वेळी एकच गोष्ट पक्की केली, की आईच्या हातात मेनूकार्ड पडता कामा नये. बाकीची सगळी आखणी त्या एका गोष्टीतून निघत गेली. खाली लिहिलंय ते चौदा माणसांचं, तीन पिढ्यांचं आणि मासे खाणाऱ्या घराचं आहे. तुमच्याकडे मासे चालत नसतील तर पापलेटाच्या जागी पुरणपोळी वाचा, फारसं काही बिघडत नाही.

दिवस ठरवताना पंचांग बघा आणि समुद्रही बघा

पहिला घोळ म्हणजे वाढदिवस नेमका कधी. त्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट १ जून लावून टाकलेली माणसं घरोघरी आहेत. आधार कार्डावर १ जून आणि खरा जन्म कार्तिकातला. तेव्हा तारखेने करायचं की तिथीने, हे उत्सवमूर्तीलाच विचारा. घरी ऐंद्री शांत करणार असाल (पंच्याहत्तरीची ती, सत्तरीची भौमरथी) तर हॉटेलचं जेवण त्याच दिवशी ठेवू नका. सकाळभर होमाच्या धुरात बसलेली बाई रात्री नवी साडी नेसून हसतमुखाने बाहेर पडेल ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

मग वार. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, शिवाय श्रावण, पितृपक्ष, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार. ताईच्या सासरी मंगळवारही पाळतात आणि मावशी शनिवारी खात नाही. चौदा जणांचे वार मी एका कागदावर मांडले तेव्हा बुधवार, शुक्रवार आणि रविवार हातात उरले. हा कागद आधी करा. हॉटेल ठरल्यावर मामा “अरे, त्या दिवशी चतुर्थी आहे” म्हणतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

समुद्राचं गणित वेगळं. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत हॉटेलं काही बंद होत नाहीत, पण ताटात येतं ते बर्फातलं, खाडीतलं किंवा दुसरीकडून आलेलं. नेहमीच्या दिवशी ते चालून जातं. पंच्याहत्तरीला नको. बंदी उठते न उठते तोच बहुतेक घरांत श्रावण लागतो. त्यामुळे नवरात्र उरकल्यापासून थंडी सरेपर्यंतचे महिने मासळीच्या जेवणाला सगळ्यात सोयीचे. आईचा खरा जन्म कार्तिकातला असल्यामुळे आम्ही सुटलो. शुक्रवार धरला, कारण रविवारी हॉटेलात गर्दी फार आणि दुसऱ्या दिवशी पोरांची शाळा.

खेकडे खायचे असतील तर आणखी एक बघा. आमची कोळीण सांगते की अमावास्येच्या आसपासच्या कुर्ल्या भरलेल्या असतात, पौर्णिमेच्या पोकळ. शास्त्र काय म्हणतं ते तिला विचारायची माझी हिंमत नाही. पण ती सांगते तशीच घेत आलोय.

हॉटेल कोणतं

मुंबईत या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. दादरला सिंधुदुर्ग आहे, वांद्र्याला हायवेलगत हायवे गोमांतक आहे, पार्ल्याला गजाली आहे. फोर्टात मंगलोरी चवीचं महेश लंच होम आणि काळा घोड्याला बटर-गार्लिक खेकड्यासाठी प्रसिद्ध असलेलं त्रिष्णा. सगळी चांगली, पण जात वेगवेगळी. ज्या माणसाचा दिवस आहे ते माणूस कुठल्या मातीतलं, हे इथे बघायचं. आमची आई मालवणजवळच्या गावात वाढली. तिला भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण हवं, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ हवं आणि सोलकढी नारळाच्या रसातली, गुलाबी रंगाच्या पाण्यातली नको. बटर-गार्लिक नातवंडांना आवडतं, पण दिवस नातवंडांचा नव्हता.

शाकाहारी घरांना माझ्या मते थाळीची जागा उत्तम. पुण्यात दुर्वांकुर किंवा श्रेयस, मुंबईत काळबादेवीचं ठाकर भोजनालय. तिथे माणशी दर ठरलेला असतो, मेनूकार्डाचा प्रश्नच मिटतो आणि आईला ‘हे कशाला मागवलं’ म्हणायला जागा उरत नाही. तोटा एवढाच, की थाळीच्या जागेत गप्पा मारत दोन तास बसता येत नाही. बाहेर रांग उभी असते आणि ती तुमच्या ताटाकडे बघत असते.

नाव कितीही मोठं असलं तरी एका गोष्टीवर अडून बसा. चौदा माणसं एका जागी, एका टेबलाभोवती बसतील अशी जागा त्यांच्याकडे आहे का? नसेल तर दुसरं हॉटेल. बाबांच्या वेळी सहा जण एसीत आणि दहा जण बाहेर बसले होते. फोटो दोन ठिकाणी काढावे लागले.

आधी एकदा जेवून या

ही पायरी लोक गाळतात आणि इथेच फसतात. आठ-दहा दिवस आधी, शक्यतो त्याच वारी त्याच वेळी, दोघांनी जाऊन जेवून या. चव तुम्हाला माहीत असेलच. बघायचं ते दुसरंच.

पायऱ्या किती आहेत आणि कठडा आहे का. आम्ही आधी धरलेल्या हॉटेलात एसी माळ्यावर होता आणि जिना असा उभा, की बाबांच्या गुडघ्यांनी तिथेच हात टेकले असते. संडास कुठे आहे, खुर्चीचा आहे का, आतली फरशी ओली असते का. तिथपर्यंत जाताना स्वयंपाकघराच्या दारातून जावं लागतं का, जिथून वेटर गरम ताटं घेऊन सुसाट बाहेर पडतात. आवाज किती. बाबा कानाला यंत्र लावतात आणि गोंगाटात ते यंत्र सगळ्या खोलीचा कलकलाट थेट कानात ओततं, मग ते वैतागून काढून खिशात ठेवतात आणि उरलेली संध्याकाळ मान डोलावत बसतात. एसीचा झोत कुठल्या खुर्चीवर येतो तेही बघून ठेवा.

आणि वेळ मोजा. बसल्यापासून पहिली तळलेली तुकडी येईपर्यंत किती मिनिटं गेली. सव्वासातला गेलात तर पंधरा, साडेआठला गेलात तर चाळीस, असा साधारण अनुभव आहे. दुपारनंतर बरीच हॉटेलं बंद होऊन संध्याकाळी सातच्या सुमारास पुन्हा उघडतात. म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर उघडल्या उघडल्या आत शिरणं यासारखी दुसरी चांगली वेळ नाही. तेलही ताजं असतं.

कॅप्टनला गाठा

जेवून झाल्यावर गल्ल्यावर न बोलता कॅप्टनशी, म्हणजे वेटरांच्या मुख्याशी बोला. गल्ल्यावरचा माणूस ‘हो हो, या’ म्हणतो आणि विसरतो. कॅप्टन विसरत नाही, कारण टेबल त्यालाच लावायचं असतं. गर्दीच्या जागा सहसा शनिवार-रविवारी टेबल राखून ठेवत नाहीत. पण आधल्या आठवड्यात येऊन, जेवून, “आईची पंच्याहत्तरी आहे, चौदा माणसं, जेवण आजच सांगून ठेवतो” असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासाठी शुक्रवारी सव्वासातची वेळ निघते. आगाऊ पैसे द्या, पावती घ्या आणि ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. तारीख, वार, वेळ, माणसं, पदार्थ. वार लिहायचाच. तारखेत चूक होते, वारात क्वचित.

त्याच बैठकीत विचारायचे प्रश्न: बाहेरचा केक चालेल का, कापायला सुरी-बश्या देणार का आणि त्याचे वेगळे पैसे लावणार का. खुर्चीवर उशी मिळेल का (आम्ही घरूनच नेली). शाकाहारी पदार्थ वेगळ्या तव्यावर आणि वेगळ्या तेलात होतील का. इथे “हो साहेब” एवढ्यावर समाधान मानू नका, वेगळी कढई आहे का असं सरळ विचारा. नसेल तर तसं कळलेलं बरं. मग त्या दोन माणसांसाठी उसळ, आमटी, भात असं न तळलेलं सांगता येतं.

काय मागवायचं आणि किती

जेवणाची यादी करायला मी आणि ताई एका रविवारी बसलो. आईला काय आवडतं यावर आमचं भांडण झालं. ताई म्हणाली पापलेट, मी म्हटलं बांगडा. शेवटी मावशीला फोन लावला. ती म्हणाली, “अगं, तिला मुडदुशा आवडतात. तुमच्या बाबांना काटे नकोत म्हणून तिने पन्नास वर्षं पापलेट आणलं.” हा एक फोन सगळ्यांनी करावा. उत्सवमूर्तीच्या भावंडाला. आपल्याला आईची आवड म्हणून जे माहीत असतं ते बऱ्याचदा बाबांची आवड असते.

आता प्रमाण. चौदांपैकी बारा मासे खाणारे, त्यात तीन मुलं. आम्ही हे सांगितलं आणि पुरून थोडं उरलं:

तळणात बोंबील पाच प्लेट, पापलेट सहा नग मध्यम (दोघांत एक), मुडदुशा दोन प्लेट, मुलांसाठी कोळंबी दोन प्लेट. ओल्यात बांगड्याचं तिखलं तीन, सुरमईचं कालवण तीन, तिसऱ्यांची (शिंपल्यांची) एकशिपी तीन प्लेट. वडे आणि तांदळाच्या भाकऱ्या मिळून माणशी तीन नग. भात सहा प्लेट, सगळ्यात शेवटी. सोलकढी माणशी एक आणि वर पाच. शाकाहारी दोघांना काजूची उसळ, डाळिंब्यांचं बिरडं आणि आमटी, आणि ती दोन प्लेटऐवजी तीन-तीन सांगा, कारण बिरडं आलं की मासे खाणारेही हात मारतात आणि बिचारा जावई कोरड्या भाकरीकडे बघत राहतो. आमच्याकडे भावोजी शाकाहारी आहेत, म्हणून हे माहीत.

खेकडा आम्ही मुद्दाम ठेवला नाही. तो दोघा-तिघांनी बनियनवर बसून खायचा प्रकार आहे. कवळी लावलेल्या माणसासमोर तर ठेवूच नये. तुम्हाला हवाच असेल तर वजन आणि त्या दिवसाचा दर आधी विचारा आणि खेकडा जिवंत असताना बघा.

‘ॲज पर साईझ’ हा शब्द दिसला की लाजायचं नाही. मासा आणून दाखवा म्हणायचं, वजन विचारायचं, दर विचारायचा. चांगल्या हॉटेलात ताटात घालून आणतात. कल्ले उघडून बघा, आतून लालभडक हवेत, तपकिरी नकोत. डोळा फुगीर आणि चकचकीत, बोटाने दाबलं तर खळगा राहता कामा नये. पापलेट तळहातापेक्षा मोठं असावं. २०२३ मध्ये या रुपेरी पापलेटाला राज्य मासा म्हणून जाहीर केलं ते त्याची संख्या घटत चालली आहे म्हणूनच, तेव्हा पिल्लं ताटात घेऊन पंच्याहत्तरी साजरी करण्यात काही अर्थ नाही.

काट्यांचा विचार माणूसवार करा. पापलेट आणि सुरमई लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना चालतात, मधला काटा काढला की झालं. बोंबलाचा काटा मऊ. कर्ली मात्र चवीला कितीही गोड असली तरी अशा दिवशी मागवू नका, अर्धं टेबल घशात बोट घालून बसेल. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या यांचं कुणाला वावडं आहे का हे आधी प्रत्येक घरी विचारून घ्या, नव्याने लग्न होऊन आलेल्या माणसाला तर नक्कीच. ते स्वतःहून सांगत नाहीत. कुणी इन्शुलिन घेत असेल तर पहिला घास किती वाजता पडणार ते कॅप्टनला आणि त्या माणसाला, दोघांनाही ठाऊक असू दे.

आणि क्रम ठरवून द्या. ‘तळण दोन खेपांत, पहिली खेप संपल्यावर दुसरी’ हे शब्द तसेच्या तसे वापरा. एकदम आलं की बोंबील मऊ पडतो, आणि मऊ पडलेल्या बोंबलाला जगात कुणी वाली नाही. ओलं तळणानंतर, भात सगळ्यांनी हात वर केल्यावर.

दारूचं लहानसं. हॉटेलला परवाना असेल आणि घरात चालत असेल तर ठीक, पण तिचं बिल वेगळं करायला सांगा. त्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट असतो, आणि हिशेब वेगळा राहिलेला घरच्या शांततेलाही बरा. पुतणा एकवीसचा झाला म्हणून खूश असेल तर त्याला सांगा, महाराष्ट्रात एकविसाव्या वर्षी बिअर-वाइन, बाकीच्याला पंचवीस पूर्ण लागतात.

कुणाला कुठे बसवायचं

लांब टेबलाच्या टोकाला उत्सवमूर्तीला बसवायची एक वाईट पद्धत आहे. फोटोला छान दिसतं. पण टोकावरच्या माणसाला चौघांशीच बोलता येतं आणि बाकीची दहा माणसं आपापसात मोबाइल बघतात. आईला लांब बाजूच्या मधोमध बसवा, पाठीशी भिंत, समोर नातवंडं. बाबांचा डावा कान बरा, म्हणून ते आईच्या उजवीकडे, म्हणजे तिचं बोलणं त्यांना ऐकू येतं. (बाबांचं मत असं, की पन्नास वर्षांनंतर एवढी सोय गरजेची नव्हती.) मावशी आईच्या दुसऱ्या बाजूला. सगळी व्यवस्था बघणारा माणूस वाटेकडच्या खुर्चीवर, म्हणजे कॅप्टनशी डोळ्यांनी बोलता येतं. शाकाहारी दोघं शेजारी-शेजारी, म्हणजे वाट्या इकडून तिकडे फिरत नाहीत.

वेटरला आधीच बजावून ठेवा की कार्ड टेबलावर आणायचंच नाही. आमच्या टेबलावर पाण्याबरोबर सवयीने एक आलंच. भाचीने ते उचललं आणि सरळ त्यावर बसली.

ओवाळायचं घरीच

पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळायचं तर ते घरी, निघण्यापूर्वी. हॉटेलात एसीच्या वाऱ्यात दिवे विझतात, वर धूर ओळखणारं यंत्र असतं आणि शेजारच्या टेबलाचं जेवण थांबतं. आम्ही कणकेचे दिवे केले, दोन परातींत मावले. लावायला तीन माणसं लागली आणि तरी पहिले लावलेले विझायला आले होते. तेव्हा वाती तुपात आधीच भिजवून ठेवा आणि दोन-तीन मेणबत्त्या घेऊन दोन्हीकडून सुरुवात करा. ओवाळणाऱ्या सुना-लेकींना परात जड जाते. टेबलावर ठेवून निरांजनाने ओवाळलं तरी चालतं, आई काही तक्रार करत नाही.

केकचा माझा आग्रह नाही. नातवंडांचा असतो. न्यायचाच तर अर्धा-एक किलोपेक्षा मोठा नको, मासळीच्या जेवणावर केक कुणी खात नाही. खरवस मिळत असेल तर तोच मागवा. आमच्याकडे केकच्या चार फोडी संपल्या आणि खरवसाच्या दोन खेपा झाल्या.

भाषण करणार असाल तर पहिलं तळण यायच्या आधी, आणि दोन-तीन मिनिटांत. बोंबील टेबलावर आल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही.

त्या संध्याकाळी

व्यवस्था बघणाऱ्याने वीस मिनिटं आधी पोचायचं. टेबल जोडलंय का, खुर्च्या चौदा आहेत का, आपली यादी स्वयंपाकघरात गेली आहे का, एवढं बघायचं. यादी कॅप्टनसमोर पुन्हा एकदा वाचा. आमचा कॅप्टन म्हणाला, “मुडदुशा आज नाहीत आल्या.” अशा वेळी टेबलावर येऊन सर्वांदेखत विचारविनिमय सुरू झाला असता आणि आईने लगेच “राहू दे, कशाला” म्हणून टाकलं असतं. दारातच मांदेली ठरली. दुसरा पर्याय मनात ठेवूनच जा.

आईला आणायचं काम सगळ्यात शांत माणसाकडे द्या, ट्रॅफिकमध्ये आरडाओरडा करणाऱ्याकडे नको. टॅक्सी हॉटेलच्या दाराशी थांबेल अशी, भले पार्किंगसाठी पुढे चक्कर मारावी लागो. दादरसारख्या भागात शुक्रवारी संध्याकाळी स्वतःची गाडी नेणं म्हणजे जेवणाचा अर्धा तास रस्त्याला दान करणं. फोटो बसल्या बसल्या उरकून घ्या. नंतर हात तेलकट, साडीवर सोलकढीचा थेंब आणि अर्धी मुलं पेंगुळलेली असतात.

आणि मग खरंच काही करू नका. मला हे जमायला अर्धा तास लागला. सारखा उठत होतो, वेटरला हाका मारत होतो. शेवटी आईच म्हणाली, “बस रे आता, तू काय वाढपी आहेस?” मांदेलीची प्लेट तिच्यापुढे होती. एकेक मासा शेपटीला धरून, डोक्यासकट कुरकुरीत खात होती, आणि मावशीला सांगत होती की लहानपणी चुलीपाशी बसून दोघींनी तव्यावरूनच कशा पळवल्या होत्या. किमतीबद्दल एक शब्द नाही. तिला माहीतच नव्हती.

बिल

बिल टेबलावर येऊ द्यायचं नाही. आगाऊ दिलेले पैसे वजा जाता उरलेली रक्कम गल्ल्यावर जाऊन भरायची, तीही भात आला की, हात धुवायला जातोय असं सांगून. बिल आल्यावर मामा, भावोजी आणि मी असे तिघे पाकिटं काढून ओढाओढ करतो. त्या ओढाओढीत कागद उलटा होतो आणि आकडा आईला दिसतो. कोण किती देणार ते आधल्या आठवड्यात भावंडांत ठरवून यूपीआयने एकाच्या खात्यात जमा करून टाका.

पण न बघता भरू नका. ‘ॲज पर साईझ’वाल्या ओळी आधी तपासा, नगांची संख्या आणि सांगितलेला दर. मग कर. साध्या हॉटेलात, एसी असो वा नसो, जेवणावर जीएसटी ५ टक्के. म्हणजे जेवणाचे १२,००० झाले तर कर ६००. पंचतारांकितासारख्या ठिकाणी, जिथे खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये तो १८ टक्के असतो, हे ठरवतानाच लक्षात असू दे.

कराच्या वरच्या ओळीत ‘सर्व्हिस चार्ज’ दिसला तर तो कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय, की हॉटेलने तो आपणहून बिलात घालू नये, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. काढायला सांगा, शांतपणे. नाहीच ऐकलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पण हे भांडण आई गाडीत बसल्यावर.

बक्षिसी मात्र हात आखडता घेऊन देऊ नका, आणि रोख द्या. कॅप्टनला वेगळी, वाढणाऱ्या दोघांना वेगळी आणि टेबल पुसणाऱ्या पोऱ्याला त्याच्या हातात. आमच्या मुलांनी टेबलाखाली जेवढे काटे आणि भात सांडला होता त्याचा विचार करता त्याला जास्त दिली.

उरलेलं बांधून घ्या, पण निवडून. तिखलं आणि कालवण दुसऱ्या दिवशी जास्त मुरतं, वडे तव्यावर परतले की चालतात. तळलेला बोंबील बांधून घेणं म्हणजे त्याचा अपमान.

दुसऱ्या दिवशी सकाळी

एक काम उरतं. सकाळी चहाच्या वेळी आईचा फोन येतोच. “किती झाले रे?” याचं उत्तर भावंडांनी आदल्या रात्रीच जुळवून ठेवायचं आणि सगळ्यांनी तेच सांगायचं. आम्ही ठरवलं होतं, पाच हजार. ताईने पाच सांगितले, मीही पाच सांगितले. आई जरा गप्प राहिली.

“पापलेटं सहा होती ना?”

“हो.”

“मग बाकीचं जेवण काय फुकट दिलं त्यांनी?”

तेव्हा आकडा ठरवण्यापूर्वी बाजारात त्या दिवशी पापलेट काय भावाने गेलं ते विचारून ठेवा. तिने विचारलेलं असतं.